नंबर कुठल्या नावाने सेव्ह आहे?

या आठवड्याचं पत्र भांडुपहून आलंय. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून गाळलंय. मजकूर थोडा कापलाय, शब्द त्यांचेच.

"ताई, सप्रेम नमस्कार. भांडुप पश्चिमेला माझं एसी रिपेअरिंगचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. सहा मुलं कामाला आहेत. मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत काम चालतं. जाहिरात कधी केली नाही, सगळं तोंडी. पण दिवाळीनंतर माझा हेड मेकॅनिक वेगळा झाला. नऊ वर्षं माझ्याकडे होता, मीच शिकवलेला. भांडण काही नाही, पाया पडून गेला. पण त्याच्यामागे चाळीसेक कस्टमर गेले. त्यातल्या काहींना फोन केला तर म्हणतात, 'अहो, आम्हाला वाटलं तोच मालक आहे.' तिकडे अ‍ॅपवाल्यांच्या रोज नव्या ऑफर. माझा मुलगा बीएमएस झालाय. तो म्हणतो, पप्पा, आपला धंदा आहे पण ब्रँड नाही. त्याने एका एजन्सीचं कोटेशन आणलंय. नवीन इंग्लिश नाव, लोगो, इन्स्टाग्राम, रील्स, टी-शर्ट, गाड्यांवर स्टिकर, मिळून तीन लाख. एवढे पैसे माझ्याकडे आहेत, पण तेवढेच आहेत. घालू का? दुसरं, नवीन मुलांकडून बाँड लिहून घेऊ का, की सोडून गेल्यावर दोन वर्षं या एरियात काम करायचं नाही? तिसरं, नाहूरच्या एका टॉवरमध्ये आमच्या सर्व्हिसनंतर ड्रेनचं पाणी पीओपीवर गळलं. मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी एक मुलगा पाठवला, तर तो तिथे म्हणाला, ओल आधीचीच आहे. आता त्या टॉवरमधून फोनच येत नाही. पेढे घेऊन जाऊन माफी मागू का? मार्चच्या आत सगळं ठरवायचंय, मग सीझन."

नमस्कार.

पत्र वाचून झाल्यावर मी स्वतःचा फोन उघडला आणि 'एसी' असं टाइप केलं. चार नावं आली : 'एसीवाला', 'एसीवाला नवीन', 'एसीवाला नको' आणि 'एसी तिसरा मजला काकूंचा'. यातला शेवटचा माणूस पाच वर्षं आमच्याकडे येतोय. काम चोख आहे. पण त्याच्या दुकानाचं नाव मला आत्ता, गळ्यावर सुरी ठेवली तरी सांगता येणार नाही. त्याने कार्ड दिलं होतं. फ्रिजवर लावलं होतं. मॅग्नेट सैल होता, कार्ड फ्रिजमागे गेलं, अजून तिथेच असेल.

तुम्ही पहिलं काम हेच करा, त्याला एक रुपया लागत नाही. पुढच्या वीस कॉलना जाल तेव्हा निघताना सहज विचारा, "आमचा नंबर तुमच्याकडे कुठल्या नावाने सेव्ह आहे हो?" उत्तर वहीत लिहून ठेवा. वीसपैकी पंधरा जणांनी 'एसीवाला' किंवा एखाद्या मुलाचं नाव सांगितलं, तर तुमच्या चिरंजीवांचं निदान बरोबर आहे : धंदा आहे, ब्रँड नाही. फक्त त्याने आणलेलं औषध चुकीच्या रोगाचं आहे. मुलावर रागावू नका मात्र. बारा वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता, त्याने विचारला.

ब्रँड इक्विटी म्हणतात ते काय, हे दुकानदाराला मी सांगायला नको. आपल्याकडे दुकान विकताना गाळ्याचे पैसे वेगळे, मालाचे वेगळे आणि गुडविलचे वेगळे. ते तिसरे पैसे म्हणजे ही. त्याहून जुना शब्द आहे पत. तुमच्या नावाला फोन लावताना माणूस दोन ठिकाणी भाव विचारत बसत नाही, दोन दिवस थांबायची तयारी ठेवतो आणि शेजारणीला न विचारता नंबर देतो, ही पत. फरक एवढाच, की साबणाच्या वडीची पत वडीवर छापता येते. तुमच्याकडे छापायला काहीच नाही. लिओनार्ड बेरी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 2000 साली नेमकं हेच मांडलं होतं. वस्तूच्या धंद्यात वस्तू हाच ब्रँड असतो, सेवेच्या धंद्यात कंपनीच ब्रँड असते. जाहिरातीने नाव कानावर पडतं, पण त्या नावाचा अर्थ गिऱ्हाईक स्वतःला आलेल्या अनुभवावरून ठरवतं. जाहिरात एक सांगते आणि अनुभव दुसरं सांगतो, तेव्हा लोक अनुभवाचं ऐकतात.

हे मला त्या प्राध्यापकांच्या आधी आमच्या बाबांनी शिकवलं होतं, अर्थात न शिकवता. गिरगावात त्यांची लाँड्री होती. कपडा घेताना काउंटरवर ते प्रत्येक शर्ट उलटा करून बघायचे आणि पावतीवर बारीक अक्षरात लिहायचे : 'दुसरं बटण सैल', 'खिशाला शाईचा डाग, जुना'. गिऱ्हाईक कंटाळायचं. पण चार दिवसांनी शर्ट परत मिळायचा तेव्हा दुसरं बटण घट्ट असायचं. त्याचे पैसे नाहीत, त्याबद्दल एक शब्दही नाही. पावतीवरची नोंद तेवढी असायची, आणि ती वाचून माणसाचा हात आपोआप बटणाकडे जायचा. आमच्या दुकानाच्या पाटीचा रंग उडालेला होता, ती बाबांनी शेवटपर्यंत रंगवली नाही. ती मात्र चूक होती, असं मला अजून वाटतं. पुढे दुकान विकलं तेव्हा घेणाऱ्याने नावाचे पैसे मोजले. नवी पाटी लावली, काचेचं दार बसवलं, पावती कंप्युटरवर आली. त्या पावतीवर बटणाची जागा नव्हती. वर्षभरात जुनी गिऱ्हाइकं पांगली.

आता तुमच्या धंद्याची खरी गोम. लाँड्रीवाल्याचं काम निदान डोळ्यांना दिसतं. तुमचं दिसतही नाही. मायकल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये यावर लिहिलं होतं. काही सेवा अशा असतात की काम झाल्यावरसुद्धा गिऱ्हाइकाला कळत नाही ते खरंच करायला हवं होतं का. त्यांनी गाडीच्या दुरुस्तीचा दाखला घेतला होता. मुंबईत राहत असते तर एसीचा घेतला असता.

उदाहरणार्थ, गॅस. दर उन्हाळ्यात मुंबईतल्या निम्म्या घरांत 'गॅस संपलाय' हे वाक्य ऐकू येत असावं. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही उशिरा का होईना कळलं, की एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहे. ते न शोधता गॅस भरला तर पुढच्या वर्षी परत तेच. आमच्याकडे एकाने लागोपाठ तीन मे महिने गॅस भरला. दरवेळी तो बाल्कनीत वाकून काहीतरी करायचा, 'सूऽऽ' असा आवाज यायचा आणि मी पैसे द्यायचे. फोनमधला 'एसीवाला नको' तो हाच. चौथ्या वर्षी काकूंचा माणूस आला. त्याने साबणाचा फेस लावला, आउटडोअरच्या नळीच्या जोडावर बुडबुडे आले, आणि मला हाताला धरून बाल्कनीत नेऊन म्हणाला, "बघा." गॅस त्यानेही भरला, पैसे त्यानेही घेतले. शिवाय जोड नव्याने करायचे वेगळे घेतले. तरी त्या दिवशी मी त्याचा नंबर बिल्डिंगमधल्या तीन घरांत दिला.

त्या बुडबुड्यांसारखी गोष्ट तीन लाखांत मिळत नाही. तुमच्या मुलांना रोज काय करायला लावायचं, ते यातच आहे. काम करायचंच, पण न दिसणारं काम गिऱ्हाइकाला दिसेल असं करायचं. गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर, लावलं की भरण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग गिऱ्हाइकाला दाखवून कार्डावर लिहायचं. गॅस पूर्ण भरायचा असेल तर वजनकाट्यावर ठेवून भरायचा. आउटडोअरच्या पट्टीवर कंपनीने गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतातच, तो आकडा बोट ठेवून दाखवायचा. कपॅसिटर बदलला तर जुना कपॅसिटर खिशात घालून न्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा. 'घेऊन जा हो तो कचरा' असं गिऱ्हाईक म्हणेल, तेव्हाच न्यायचा. आणि एखाद्या घरी नुसता फिल्टर तुंबला असेल, तर फिल्टर धुऊन, "गॅस बरोबर आहे, काही भरायची गरज नाही" हे मोठ्याने सांगून फक्त व्हिजिटचे पैसे घेऊन निघायचं. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल. पण एसीवाला 'गरज नाही' म्हणाला ही बातमी आहे, आणि बातमी सोसायटीत लिफ्टपेक्षा वेगाने वर जाते.

यासाठी एक जॉब कार्ड छापून घ्या. पोस्टकार्डाएवढं, जाड, एका बाजूला मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव आणि दुकानाचा नंबर, दुसऱ्या बाजूला रकाने : तारीख, मशीन कुठल्या खोलीतलं, काय सापडलं, काय केलं, पुढे कशावर लक्ष ठेवायचं, कोण आलं होतं. 'पुढे कशावर लक्ष ठेवायचं' हा रकाना माझ्या बाबांचा आहे, तो वगळू नका. कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, ते फ्रिजमागे जातं. पारदर्शक पाकिटात घालून इनडोअर युनिटच्या बाजूला, खालून दिसेल असं चिकटवा. पुढच्या वेळी मशीन बिघडेल तेव्हा माणूस मान वर करून त्याच्याकडेच बघणार असतो.

हे कार्ड तुमच्या दुसऱ्या दुखण्यावरही चालेल, म्हणजे गेलेल्या मेकॅनिकवर.

आधी बाँडचं सांगते. लिहून घेऊ नका. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 27 सांगतं की कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरीत असताना बाहेरची कामं घ्यायची नाहीत, ही अट चालते; नोकरी सोडल्यावर एरियात फिरकायचं नाही, ही कोर्टात टिकत नाही. मग त्या कागदाने साधतं काय, तर मुलगा पहिल्या दिवसापासून समजतो की मालकाचा आपल्यावर भरवसा नाही. काही जण मुलांचे आयटीआयचे दाखले ठेवून घेतात म्हणे. तुम्ही त्यातले नाही असं धरून चालते.

आता त्या चाळीसांतल्या काहींचं वाक्य पुन्हा वाचा : "आम्हाला वाटलं तोच मालक आहे." वाईट वाटलं असेल, पण त्यात गिऱ्हाइकाची काय चूक? नऊ वर्षं दारात तो, बेडवर चादर टाकणारा तो, बिल फाडणारा तो, रात्री नऊला फोन उचलणारा तो. तुम्ही पत कमावलीत, पण ती त्याच्या खात्यात जमा होत राहिली. त्याने चोरली नाही.

मुंबईत धंद्याबद्दल लिहिताना डबेवाल्यांचा दाखला देणाऱ्याला खरं तर दंड लावला पाहिजे, इतका तो चोथा झालाय. पण त्यांच्या ज्या गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही, तीच तुमच्या कामाची आहे. 1890 च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं तेव्हापासून आजवर डबेवाल्याची पत एका माणसावर उभी नाही. डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा गिऱ्हाइकासाठी नसतात. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, हे डबा कुणाच्याही हातात आला तरी कळावं यासाठी असतात. गटात जादा माणसं धरलेली असतात, एखादा गावी गेला तर डबा अडत नाही. आणि गटातले लोक पगारी नोकर नसतात, कमाई वाटून घेतात. म्हणजे माणूस बदलला तरी डबा वेळेवर, आणि माणसाला सोडून जायचं कारणही कमी. टोपीने ओळख झाली असेल, पत या दोन गोष्टींनी झाली.

तुमच्याकडे झाकणाच्या खुणेचं काम जॉब कार्ड करेल. मुलगा नवा असला तरी मान वर करून वाचेल : मागच्या मेमध्ये ड्रेन तुंबला होता, स्टॅबिलायझर जुना आहे, आजोबांना दुपारी दोन ते चार झोप लागते. (हे शेवटचं कार्डावर नको, तुमच्या वहीत. पण लिहाच.) गिऱ्हाइकाला दरवेळी पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही, हे सुख अनोळखी माणूस पाठवणाऱ्या कुणालाही सहजी देता येत नाही. शिवाय एका घरी वर्षानुवर्षं एकच मुलगा पाठवू नका, दोघांची जोडी आलटून पालटून पाठवा. कॉलच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन जाऊ द्या, "काल आमचा अमुक आला होता, थंड होतंय ना?" एवढंच. मुलाचं नाव घ्यायचं, लपवायचं नाही. त्याचं कौतुक झालं तर ते दुकानाच्या फोनवर झालं पाहिजे.

आणि पैसे. हेड मेकॅनिक नवव्या वर्षी वेगळा होतो तेव्हा त्याला दुकानात पुढची पायरी दिसत नसते. जे दोघे तुमच्याकडे आता सगळ्यात जुने आहेत, त्यांना वार्षिक कराराच्या कामांत टक्का द्या. किती, ते तुमच्या हिशोबात बसवा. पण आकडा आधी सांगा आणि दर महिन्याला द्या, दिवाळीला उपकार म्हणून नको. त्यांच्यापैकी कुणी तरीही गेला, तर जाताना जाहीर निरोप द्या, त्याला एखादं गेज भेट द्या. त्याच्याकडे जास्तीचं काम आलं की तो कुणाला फोन करेल, याचा विचार करा. गेलेल्या त्या मेकॅनिकलाही मार्चमध्ये फोन करायला हरकत नाही. मेमध्ये एकट्या माणसाला चाळीस घरं झेपत नाहीत.

आता कोटेशन. नाव बदलण्याची रक्कम पहिली कापा. बारा वर्षं लोकांनी ते नाव बिलावर पाहिलंय, पुसट का होईना आठवतंय, आणि तुम्ही पैसे देऊन ते पुसायला निघालात. शिवाय तुमच्या मुलाने सुचवलेल्या तिन्ही नावांत (ती इथे छापली नाहीत) 'कूल' आहे. मुलुंड ते घाटकोपर एलबीएस रोडने जाताना पाट्या मोजा, किती कूल सापडतात. धंद्याचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांवर ट्रेडमार्क मिळवताना 1999 च्या कायद्याचं कलम 9 आडवं येतं. त्यापेक्षा आत्ताचं नाव, त्यात तुमच्या गावाचं नाव आहे ना, ते जरा वेगळं उठून दिसतं. तेच नोंदवा. सेवांच्या नावांनाही आपल्याकडे 15 सप्टेंबर 2003 पासून नोंदणी मिळते. दुरुस्तीचं काम वर्ग 37 मध्ये येतं. एकट्या मालकाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये आहे, नोंदणी 10 वर्षांची, पुढे वाढवता येते. तुम्हाला कचेरीच गाठायची असेल तर ती अँटॉप हिलला आहे. गावाच्या नावावरही आक्षेप निघू शकतो, म्हणून अर्जाआधी एकदा ट्रेडमार्कवाल्या वकिलाला दाखवा. नोंदणी हातात येईपर्यंत गोलातला आर लावू नका, तो गुन्हा आहे; टीएम लिहिलेलं चालतं.

रील्स मुलाला स्वतःच्या फोनवर करू दे. साबणाचे बुडबुडे दाखव म्हणावं, एजन्सीच्या पार्श्वसंगीतापेक्षा लोक ते बघतील.

टी-शर्ट घ्या, त्यावर माझं दुमत नाही. वॉचमन गेटवर अडवतो तेव्हा आणि घरात एकटी बाई दार उघडते तेव्हा शर्टावरचं नाव आणि गळ्यातलं ओळखपत्र याला फार किंमत असते. प्रत्येकाला दोन-दोन जोड द्या, मेमध्ये दुपारपर्यंत एक शर्ट पिळून निघतो. घामट, ग्रीस लागलेल्या टी-शर्टवर दुकानाचं नाव असण्यापेक्षा नसलेलं बरं. एक चादर, एक झूल, एक फडका प्रत्येक बॅगेत, आणि निघताना फरशी पुसायची. काही मुलांना हे कमीपणाचं वाटतं. तुम्ही स्वतः दोनदा त्यांच्यासमोर पुसा.

उरलेल्या पैशांतला मोठा भाग मी फोनवर घालीन. एप्रिल ते जून तुमचा फोन किती वेळा वाजून बंद होतो, मोजलंय कधी? तुम्ही आउटडोअरवर वाकलेले असता, हात ग्रीसमध्ये, फोन खिशात थरथरतो. तिकडे दुसऱ्या मिनिटाला अ‍ॅप उघडलेलं असतं. आज अर्बन कंपनी म्हणून ओळखली जाणारी कंपनी 2014 मध्ये अर्बनक्लॅप नावाने सुरू झाली, 2020 मध्ये नाव बदललं. नाव बदलूनही लोक राहिले, कारण त्यांना नावाचं काही नव्हतं. अ‍ॅपवर भाव आधी दिसतो, वेळ आधी कळते आणि तक्रार कुठे करायची ते माहीत असतं. त्यांच्या ऑफरशी तुम्ही भावाने लढू नका, त्यात तुमचा धंदा बसेल. पण या तीन गोष्टींना कुणी तुम्हाला मनाई केलेली नाही. रेट कार्ड छापा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवा. फोन घ्यायला माणूस ठेवा, सीझनपुरता का होईना. बिल्डिंगमधली एखादी ताई घरून हे काम छान करेल. आणि 'संध्याकाळपर्यंत येतो' हे वाक्य दुकानातून हद्दपार करा. मुंबईत संध्याकाळ चारला सुरू होते आणि दहाला संपते, आणि त्यासाठी घरातल्या कुणीतरी हाफ डे टाकलेला असतो. अकरा ते एक म्हणा, तीन ते पाच म्हणा. उशीर होणारच आहे, ट्रॅफिक तुमच्या बापाचं नाही. पण त्यांचा फोन येण्याआधी तुमचा गेला पाहिजे. फुकटात पत मिळवण्याची मला माहीत असलेली ही एकच युक्ती आहे, आणि तरी ती कुणी करत नाही.

थोडी रक्कम मात्र बाजूला काढून ठेवा, तिला हात लावू नका. ती चुकांची. तीस दिवसांत तोच बिघाड परत आला तर पैसे न घेता जायचं, नुकसान झालं तर भरून द्यायचं. हे त्या रकमेतून, म्हणजे त्या क्षणी तुमचा जीव खालीवर होणार नाही.

त्यातला पहिला खर्च नाहूरला आहे. तिथे पाण्यापेक्षा तुम्ही पाठवलेल्या मुलाच्या वाक्याने जास्त नासलं. 'ओल आधीचीच आहे' हे खरं असेलही. पण ज्या बाईने फोटो काढलाय तिला ते म्हणजे 'तुम्ही खोटं बोलताय' असं ऐकू आलं. चूक नीट निस्तरली तर गिऱ्हाईक कधीकधी आधीपेक्षाही जवळ येतं, यावर बराच अभ्यास झालाय. पण 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं, की ही सवलत एकदाच मिळते. दुसऱ्यांदा चूक झाली की चांगली भरपाईही फारशी उपयोगी पडत नाही. तुमचं गळणं ही पहिली, वाद घालणं ही दुसरी धरली गेली असण्याची शक्यता आहे, त्यामुळे पूर्वीसारखं होईलच असं मी सांगत नाही. तरी जायचं. रविवारी सकाळी, फोन करून, तुम्ही स्वतः, त्या मुलाला न घेता. ओल कुणाची यावर चर्चा नाही. ड्रेनचा उतार तपासायचा, बादलीभर पाणी ओतून त्यांच्यासमोर दाखवायचं की आता गळत नाही. पीओपी वाळायला किती दिवस लागतील, रंग कधी मारून देणार, तारीख कार्डावर लिहायची आणि त्या तारखेला जायचं. ग्रुपवर 'फोटो काढून टाका' असं चुकूनही म्हणायचं नाही. त्यांना वाटलं तर त्या दुसरा फोटो टाकतील, नाही वाटलं तर नाही.

पेढे नेऊ नका. पीओपीवाल्याला न्या.